दिवाळीनंतरची शाळा

मोठे सर आम्हाला नावाने हाक मारत नसत. सहा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं आणि सहाही वर्षं मी ‘विज्ञान’ होते. गणिताचे सर ‘गणित’, इंग्रजीच्या मॅडम ‘इंग्रजी’, आणि शारीरिक शिक्षणाचे सर नुसते ‘मैदान’. “मैदान, ती घंटा जरा बघा. गणित, तुमचा खडू संपलाय की तुम्ही?” असं त्यांचं बोलणं. नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, हे चिडवतायत. मलाही वाटलं होतं. एकदा धीर करून विचारलं तेव्हा म्हणाले, “अहो, माणसं जातात. कोणाची बदली होते, कोणी अतिरिक्त ठरतं, कोणाला घराजवळची शाळा मिळते. विषय जागेवर राहतो. मला एवढंच पाठ ठेवायला जमतं.”

हे काही खरं नव्हतं. पाचवी ते दहावीच्या सगळ्या मुलांची नावं त्यांना येत होती. नुसती नावं नाहीत, कोण कुठल्या पाड्यावरचं, कोणाचा भाऊ कोणत्या साली नापास झाला, कोणाच्या घरी म्हैस व्याली, सगळं. विसर पडायचा तो फक्त आमच्या बाबतीत, आणि तोही ठरवून.

आमची शाळा खालापूर तालुक्यात, कर्जतहून चौकला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडी आत. मागे भातखाचरं, पुढे मैदान, मैदानाच्या टोकाला पाण्याची टाकी. निम्मे शिक्षक कर्जतहून यायचे, मी त्यातलीच. माझा नवरा रसायनीच्या कारखान्यात, त्याची पाळी दर आठवड्याला बदलायची, त्यामुळे घरात आम्ही दोघं एकमेकांना बहुतेक झोपलेलेच दिसायचो. मुलगी तेव्हा दुसरीत होती.

शाळा सुरू व्हायच्या वेळी मोठे सर व्हरांड्यात उभे असायचे. हात मागे, मान किंचित वाकडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, जे ते दर शनिवारी स्वतः धुवायचे. मुलांकडे ते बघत नसत. बघायचे आमच्याकडे. फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येक शिक्षकाचं तोंड ते नीट निरखायचे, आणि ज्याचं सगळ्यात वाईट दिसेल त्याला म्हणायचे, “तुमचा पाचवा तास माझा.” बस. का, कशासाठी, काही नाही. तुम्ही “नको सर, मी ठीक आहे” म्हणालात तरी पाचव्या तासाला ते वर्गाच्या दारात हजर. तुम्ही बाहेर पडायचं आणि पस्तीस मिनिटं काय वाटेल ते करायचं. एकच अट होती, त्या वेळात वह्या तपासायच्या नाहीत.

विषय कोणताही असो, वर्ग कोणताही असो, सर एकच गोष्ट शिकवायचे. मुलांना खिडकीपाशी उभं करायचे आणि विचारायचे, “त्या डोंगरावर पडलेलं पाणी कुठे जातं?” मग एका बाजूचं पाणी कसं पाताळगंगेला मिळतं, दुसऱ्या बाजूचं उल्हासला, मधे कोणते ओढे, कोणत्या वाड्या, कुठे बंधारा फुटलाय, हे सगळं. पाचवीतल्या मुलाने तो तास ऐकलेला असायचा आणि तोच मुलगा दहावीत गेल्यावर पुन्हा ऐकायचा. मुलं त्याला ‘पाण्याचा तास’ म्हणायची. एकदा तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी दहावीच्या वर्गाला बीजगणितात काय चाललंय असं विचारलं, तर पहिल्या बाकावरच्या मुलाने सरळ सांगितलं, “पाणी पाताळगंगेला जातं.” अधिकाऱ्यांनी शेरा लिहिला. सरांनी त्यावर सही केली आणि तो कागद फायलीला लावला. गणित त्या दिवशी आईला डोळ्यांच्या दवाखान्यात सोडून धावत शाळेत आले होते. पाचव्या तासाला ते शिक्षकखोलीतल्या बाकावर आडवे झाले होते आणि घोरत होते, हे आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं.

वर्षाबद्दल सरांची मतं ठरलेली होती. जून हा महिना त्यांच्या हिशेबी नव्हताच. “जूनमध्ये कोणीही शिकवतं. नवी वही, नवा खडू, नवी पोरं. नवरात्रापर्यंत सगळेच चांगले शिक्षक असतात. शाळा सुरू होते दिवाळीनंतर.” दिवाळीच्या सुट्टीनंतर ते आमच्याशी जरा हळू बोलायचे, आजारी माणसाशी बोलावं तसे. सभा घ्यायच्या असल्या तर मधल्या सुट्टीत, पाण्याच्या टाकीजवळ, उभ्याने. पाच मिनिटं झाली की वाक्य अर्धवट असलं तरी निघून जायचे. “मार्चपर्यंत उभं राहायचंय,” म्हणायचे. “पळा असं मी कोणाला म्हटलेलं नाही.”

कौतुक मात्र त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. म्हणजे आमच्या तोंडावर नाही. ते यायचं बेबीमावशीकडून. बेबीमावशी शाळेत झाडलोट करायची, घंटा द्यायची, पाणी भरायची, शिपायाची जागा भरलीच गेली नव्हती म्हणून शिपायाची सगळी कामंही तीच करायची. ती दुपारी झाडू घेऊन प्रयोगशाळेत यायची आणि माझ्याकडे न बघता बोलायची, “मोठं सर म्हनत व्हते, इज्ञानच्या बाईंनी काल भिंगाचा प्रयोग लय चांगला घेतला. पोरं घरी जाऊन कागद जाळत बसली.” मी एकदा सरांना म्हटलं, “सर, मला सांगायचं असेल ते मलाच सांगा ना.” ते म्हणाले, “तुम्हाला सांगितलं की तुम्ही मला धन्यवाद म्हणणार. मग मला काहीतरी म्हणावं लागणार. कशाला तो त्रास.”

बेबीमावशीने पुढे कधीतरी कबूल केलं की सगळं काही सरांचं नसायचं. “कधी कधी ते काय बोलतच नाय. मंग मीच घालते दोन शब्द. तुमी लोक तोंडं पाडून बसता, मला केर काढाय बरं वाटत नाय.”

संस्थेने एका रविवारी आपल्या तिन्ही शाळांच्या शिक्षकांना खोपोलीच्या एका सभागृहात बोलावलं होतं. शिक्षकांना प्रोत्साहन मिळावं म्हणून बाहेरून एक वक्ते आणले होते. चांगले उमदे गृहस्थ, अंगात कोट, कानाला माइक. त्यांनी आम्हाला टाळ्या वाजवायला लावल्या, डोळे मिटायला लावले, शेजारच्याचा हात धरून ‘मी थकत नाही’ असं तीनदा म्हणायला लावलं. माझ्या शेजारी इंग्रजी होत्या. तिसऱ्या वेळी त्यांचा हात माझ्या हातात सैल पडला. डोळे मिटल्या मिटल्या त्यांना झोप लागली होती.

शेवटी प्रश्न विचारायला सांगितले तेव्हा मोठे सर उठले. “आपण आठवड्याला किती तास घेता?”

“मी राज्यभर कार्यक्रम घेतो, सर.”

“तसं नाही. सातवीचा वर्ग, जेवणानंतरचा पाचवा तास. असे किती?”

वक्ते प्रामाणिक होते. म्हणाले, “एकही नाही.”

“मग बसा आता,” सर म्हणाले. “दोन तास उभे आहात.” आणि खरोखरच स्वतःची खुर्ची उचलून त्यांना नेऊन दिली. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्या माणसाचे पाय दुखत असतील असंच त्यांना वाटलं असावं. संस्थेला ते तसं वाटलं नाही. आठवड्याभरात सरांना खुलाशाचं पत्र आलं. तेही फायलीत गेलं.

आता मला जे सांगायचंय ते सांगते. ते सांगायला मला आवडत नाही.

ते माझं शाळेतलं चौथं वर्ष. ऑगस्टमध्ये हिंदीच्या मॅडम अतिरिक्त ठरून दुसऱ्या शाळेत गेल्या आणि त्यांचे तास आमच्यात वाटले गेले. सप्टेंबरात मला मतदार यादीचं काम लागलं. शाळा सुटल्यावर घरोघर जायचं, कोण मेलं, कोण लग्न होऊन गेलं, कोण नेरळच्या नव्या इमारतीत राहायला गेलं, ते विचारायचं. त्यात मुलांची सगळी माहिती संगणकावर भरायचं कामही माझ्याकडेच, कारण विज्ञानाच्या बाईला ते येणारच असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव यात एक वेलांटी इकडची तिकडे असली तरी ती नोंद परत यायची. नोव्हेंबरात मुलगी तापाने आजारी पडली. मी दोन दिवस रजा घेतली आणि तिसऱ्या दिवशी तिला तशीच शेजारी ठेवून आले. त्या दिवशी फाटकात सर म्हणाले, “विज्ञान, पाचवा तास माझा.” त्या पस्तीस मिनिटांत मी मुलांची नावं संगणकात भरली.

जानेवारीत दहावीच्या प्रयोगवह्यांवर सह्या करत होते. पूर्वपरीक्षा तोंडावर आलेली. वर्गात रेश्मा नावाची एक मुलगी होती, डोंगराच्या पायथ्याच्या कातकरवाडीतली. तिचे आईवडील दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे, सगळी वाडीच जायची, तिथे उरायची म्हातारी माणसं. रेश्मा दहावीसाठी आजीजवळ मागे राहिली होती. त्यांच्या वाडीतून दहावीपर्यंत आलेली ती पहिलीच मुलगी. हुशार म्हणता येणार नाही, पण चिवट होती. एकदा समजलं नाही तर दुसऱ्यांदा विचारायची, आणि विचारताना मान खाली घालायची नाही.

तिची वही अर्धी कोरी होती. भातकापणीच्या दिवसांत ती तीन आठवडे मजुरीला गेली होती, त्या वेळचे प्रयोग राहिलेले. मला हे माहीत होतं. मीच तिला म्हटलं होतं की नंतर पूर्ण करून घेऊ, आणि ते नंतर माझ्याकडून राहिलं होतं. हे सगळं मला माहीत असून मी ती वही सगळ्या वर्गासमोर टेबलावरून खाली टाकली आणि म्हटलं, “कशाला येतेस शाळेत? भट्टीवर जा आईबापाबरोबर. तिथे वही लागत नाही.”

वर्ग हसला. रेश्माने वाकून वही उचलली, तिची पानं सरळ केली आणि जागेवर जाऊन बसली. मी पुढच्या वहीवर सही केली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी सर प्रयोगशाळेच्या दारात आले. “विज्ञान, रेश्मा कुठाय?”

“माहीत नाही, सर.”

“बरं,” म्हणाले आणि गेले.

मी तो तास कसा घेतला मला आठवत नाही. मधल्या सुट्टीत डबा उघडला, मिटला आणि सरांच्या खोलीत गेले. ते टेबलाशी, पुढ्यात वेळापत्रक घेऊन बसले होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, शब्द न शब्द. वही टाकली तेही सांगितलं. ते वर बघेनात.

“मला परवाच कळलं,” ते म्हणाले. “वर्गातल्या दोन पोरी सांगून गेल्या. तुम्ही कधी येताय, वाट बघत होतो.”

“सर, मला आता हे जमणार नाही. मी फार दमले आहे. मी अशी नव्हते.”

“तुम्ही दमलात हे खरं आहे.” त्यांनी वेळापत्रक बाजूला सारलं. “पण ती पोर दमली म्हणून गेलेली नाही.”

मला रडू आलं. त्यांनी माझ्याकडे पाण्याचा तांब्या सरकवला आणि खिडकीबाहेर बघत बसले. जरा वेळाने म्हणाले, “यात माझंही चुकलं. नोव्हेंबरात मला तुमचं तोंड दिसलं होतं. मी तास घेतला. काम काढून घ्यायला पाहिजे होतं, ते नाही घेतलं. तास घेणं सोपं असतं.” मग उठले. “उद्या सकाळी आपण दोघंही शाळेत नाही. वर्ग बेबी बघेल.”

दुसऱ्या दिवशी त्यांच्या जुन्या स्कूटरवर आम्ही आधी वाडीत गेलो. रेश्माची आजी दारात शेंगा निवडत बसली होती. सरांना बघून उठायला लागली, त्यांनी बसा म्हणून हात केला.

“पोरगी गेली आयशीकडं,” ती म्हणाली. “बोलली साळंत नाय जायाचं. मी काय बोलनार, मास्तर. मला काय कलतं त्यातलं.” तिने माझ्याकडे बघितलं. मी कोण हे तिला माहीत नव्हतं, आणि सरांनीही सांगितलं नाही.

भट्टी नेरळच्याही पुढे, नदीच्या कडेला. तिथपर्यंत तासभर लागला. रस्ताभर मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. शिक्षण किती महत्त्वाचं आहे, वाडीतली पहिलीच मुलगी, आयुष्य बदलेल, वगैरे. भट्टीवर पोचल्यावर तिथला मुकादम पुढे आला. सर त्याला म्हणाले, “मी हेडमास्तर. ह्या बाईंना एका मुलीशी बोलायचंय. मी इथे बसतो.” आणि कुडाच्या एका झोपडीच्या सावलीत विटांच्या ढिगाला टेकून त्यांनी पाय पसरले. मला वाटलं होतं ते बरोबर येतील, सुरुवात तरी करून देतील. मी दोन पावलं जाऊन मागे वळून पाहिलं तर त्यांनी डोळे मिटले होते.

रेश्मा कच्च्या विटा उलथत होती. वाळायला घातलेल्या विटांची लांब ओळ, ती एकेक वीट उचलून दुसऱ्या अंगावर ठेवत पुढे सरकत होती. मी जवळ गेले तशी न थांबता म्हणाली, “बाई, तिकडनं नका येऊ. चिखल हाय. चप्पल रुतंल.”

मी चिखलातूनच गेले. जुळवलेलं एकही वाक्य तोंडात येईना. “रेश्मा, मी चुकले,” एवढंच म्हटलं. “वही अर्धी राहिली ती माझ्यामुळे.”

ती वीट उलथत राहिली. “तुमी बोल्लात ते खोटं नव्हतं. हितं वही लागत नाय.”

तिची आई पदराला हात पुसत आली. “बाई, मी लय सांगितलं तिला. म्हनलं, दोन महिने राह्यलंत, काढ. आयकत नाय.” मग मला पाणी आणायला गेली.

आम्ही दोघीच उरलो. रेश्मा ओळीच्या टोकाला पोचली, उभी राहिली, आणि माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, “पोरं हसली तवा तुमीपन हसलात का? मी खाली वाकले व्हते. मला दिसलं नाय.”

नाही म्हणायचं माझ्या जिभेवर आलं होतं. नाही म्हटलं असतं तर तिने मान्य केलं असतं, शिक्षकाचं मान्य करायची तिला सवय होती. पण मला ते दृश्य आठवलं. वर्ग हसला तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा वर्ग माझ्या बाजूला होता.

“हसले,” मी म्हटलं. “थोडी.”

रेश्माने हातातली माती एका बोटाने खरवडली. मागे कोणीतरी मुकादमाला हाक मारत होतं. मग ती म्हणाली, “उद्या नाय येनार. सोमवारी येन. ह्या तीन वळी माझ्या हायत, त्या व्हऊ द्या.” आणि पुढच्या ओळीकडे वळली.

मी परत आले तेव्हा सरांनी डोळे उघडले. माझ्या पायांकडे बघितलं, गुडघ्यापर्यंत चिखल होता. “झालं?” मी मान डोलावली. “चला मग. सहावा तास मिळेल.” ते खरंच झोपले होते की काय, मी कधी विचारलं नाही. स्कूटर सुरू करताना त्यांना दोनदा दम घ्यावा लागला, आणि मला पहिल्यांदा वाटलं की या माणसाचं वय झालंय.

सोमवारी रेश्मा आली. तिला कोणी काही विचारायच्या आत मी वर्गासमोर उभी राहिले आणि त्या दिवशी मी काय बोलले, ते का चूक होतं, हे सांगितलं. मुलांनी माना खाली घातल्या. मुलांसमोर माफी मागितल्याने वर्ग हाताबाहेर जातो असं गणित म्हणाले होते. तसं काही झालं नाही. रोज मधल्या सुट्टीत रेश्मा आणि मी प्रयोगशाळेत बसून वही पुरी केली. माझ्यावर तिचा विश्वास बसला असं मला वाटत नाही. तिने फक्त काम पुरं करून घेतलं.

त्याच आठवड्यात सरांनी संगणकाचं सगळं काम माझ्याकडून काढून स्वतःकडे घेतलं. मतदार यादीच्या उरलेल्या घरांसाठी तहसील कचेरीत जाऊन भांडून दुसरं माणूस मिळवलं. मार्चपर्यंत ते रोज शाळेच्या कचेरीत बसून एका बोटाने मुलांची नावं भरत. वेलांटी चुकली की चष्मा काढून पुसायचे आणि पुन्हा पहिल्यापासून भरायचे. बेबीमावशी म्हणायची, “त्यांचं बोट सुजलंय, पन कोनाला हात लावू देत नायत.”

रेश्मा पास झाली. विज्ञानात सत्तेचाळीस, गणितात अगदी काठावर. अकरावीला कर्जतला गेली, बारावी मात्र झाली नाही. हल्ली ती एका रोपवाटिकेत काम करते, रोपांच्या पाट्या तीच लिहिते. मी एकदा तिथे गेले होते. तिने मला ओळखलं, बसायला स्टूल दिलं, आणि गिऱ्हाईक आलं तशी उठून गेली.

सर त्यानंतर दोन वर्षांनी निवृत्त झाले, मे महिन्यात, म्हणजे शाळेला सुट्टी असताना. निरोप समारंभाला संस्थेचं कोणी आलं नाही. आम्ही आठ-नऊ जण, बेबीमावशी, आणि गावातले काही. सर दोन मिनिटं बोलले. त्यातलं दीड मिनिट टाकीची तोटी गळते त्याबद्दल होतं.

गेल्या जूनमध्ये मी त्यांच्या घरी गेले. आता मी पर्यवेक्षिका आहे. संस्थेने सांगितलं होतं की शाळा सुरू होताना शिक्षकांसमोर कोणाचं तरी प्रोत्साहनपर भाषण ठेवा, आणि माझ्या मनात दुसरं नाव आलं नाही. त्यांचं घर कर्जतला नदीपलीकडे, दहिवलीत. ओट्यावर सर बसले होते, पुढ्यात परातीत मोड आलेले वाल, सोलत होते. मला बघून “या” म्हणाले आणि अर्धे वाल माझ्यापुढे केले. मी येण्याचं कारण सांगितलं.

“मी काय सांगणार,” ते म्हणाले. “मला सांगता येत नाही काही.”

मी आग्रह केला. त्यांनी नुसती मान हलवली. मग आम्ही वाल सोलत बसलो. शाळेत कोण आहे, कोण नाही, त्यांनी काहीच विचारलं नाही. बोलण्यासारखं खूप होतं, पण त्यांचं लक्ष बोटांवर होतं. थोड्या वेळाने बसल्या जागी त्यांचा डोळा लागला.

त्यांच्या पत्नी मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. बारीक, शांत बाई. मी त्यांना इतक्या वर्षांत दोन-तीनदाच भेटले होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, “सर होते म्हणून आम्ही टिकलो, काकू. किती सांभाळलं त्यांनी सगळ्यांना.”

त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने बघितलं. “सगळे असंच म्हणतात,” त्या म्हणाल्या. “मुलं पण भेटतात बाजारात, सांगतात, सर असं बोलायचे, तसं बोलायचे. मला ऐकायला बरं वाटतं.” फाटकाची कडी त्यांनी हातात धरून ठेवली होती. “शाळेतून आले की ते मागच्या पायरीवर बसायचे. दिवा लागेपर्यंत. तेव्हा हाक मारली तर ओ द्यायचे नाहीत. पोरं लहान होती तेव्हा मी त्यांना सांगून ठेवलं होतं, बाबांकडे आत्ता जायचं नाही. मग पोरांना तीच सवय लागली. मोठी झाली तरी जात नाहीत.” यात तक्रार नव्हती. त्या नुसतं सांगत होत्या. “मी कधी भांडले नाही. म्हटलं, असेल-नसेल ते सगळं तिकडे शाळेत लागत असेल.”

“येते,” म्हटलं.

नदीवरच्या पुलावर आले तेव्हा फोन वाजला. मुलीचा होता. ती आता आठवीत आहे. शाळेच्या वेळेनंतर ती मला सहसा फोन करत नाही. मी घरी येते, पर्स ठेवते, आणि ती आपल्या खोलीत असते. हे असं केव्हापासून आहे ते मला आठवेना.

“आई, बिझी आहेस?”

“नाही.”

“खरंच? नाहीतर नंतर करते.”

“नाही गं. बोल.”

मग तिच्या वर्गात काहीतरी झालं होतं ते सांगायला लागली, कोणी कोणाची जागा घेतली, कोण कोणाशी बोलत नाही. मागून गाड्यांचे हॉर्न वाजत होते, मी पुलाच्या कडेला सरकले. मला सगळं ऐकू येत नव्हतं, आणि त्या मुलींची नावंही मला माहीत नव्हती. मी प्रत्येक नाव विचारून घेतलं.